क्लॅरी मलहर्नचे थर

क्लॅरी मलहर्नने ज्याला कपडे घातले नाहीत असा शिकारी आमच्या होकिटिका गावात शोधूनही सापडायचा नाही. पंचवीस-तीस वर्षं तो शिकारीच्या सामानाच्या दुकानात कपड्यांच्या बाजूला उभा आहे. बंदुकांची बाजू मालकाची. बंदूक विकायला दहा मिनिटं लागतात. क्लॅरीला एक बनियन विकायला दुपार लागते, आणि गिऱ्हाईक बाहेर पडतं तेव्हा त्याला आपल्या शरीराविषयी आधी ठाऊक नसलेल्या दोन-तीन गोष्टी समजलेल्या असतात.

जाकीट मागायला आलेल्या माणसाला तो जाकीट दाखवत नाही. आधी विचारतो, "घाम किती येतो?"

डॉक्टरने विचारावं तसं विचारतो. बायको बरोबर असली की लोक चुळबुळतात.

"तसा बेताचाच येतो."

"चढताना की बसल्यावर?"

"चढताना."

"मग बसल्यावर तो कुठं जातो?"

गिऱ्हाईक स्वतःच्या शर्टाकडे पाहतं. मग क्लॅरी सांगू लागतो. डोंगरावर माणूस पावसानं गारठत नाही, स्वतःच्या घामानं गारठतो. म्हणून अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, घाम ओढून घ्यायला. त्यावर ऊब धरणारा. बसायची वेळ आली की त्यावर पिसांचं जाकीट. सगळ्यांच्या वर वारापाऊस अडवणारा. सुती कपडा वर्ज्य. "सुती घालून चर्चला जा," तो म्हणतो, "तिथं घाम येत नाही. आलाच तर पापाचा येतो, आणि तो वाळतो." आणि निघताना कुडकुडत निघायचं. तंबूतून बाहेर पडताना छान उबदार वाटलं, तर एक कपडा जास्त झाला असं समजायचं.

यातलं काहीही चूक नाही. त्याच्या हातचे कपडे घालून या किनाऱ्यावरची दोन पिढ्यांतली माणसं बर्फात जाऊन कोरडी परत आली आहेत, थारांची शिंगं घेऊन आली आहेत. थार म्हणजे हिमालयातला रानबोकड. कोणे एके काळी कुणीतरी तो इथं आणून सोडला आणि मग त्याला आमच्या कड्यांवर इतकं आवडलं की आता सरकारच सांगतं, मारा. नराच्या मानेभोवती आयाळीचा मोठा झगा असतो. आतून बारीक मऊ लोकर, वरून लांब राठ केस. क्लॅरी म्हणतो, त्याच्या दुकानात आलेलं हे एकमेव गिऱ्हाईक, ज्याला काही विकता येणार नाही.

दुकानात तो प्राणी अर्थात कधी आला नाही. आणि क्लॅरीच्या वाट्याला डोंगरावरही आला नाही. हेच त्याचं दुखणं होतं.

आमच्या शिकारी क्लबाची खोली म्हणजे शर्यतीच्या मैदानाजवळची जुनी शाळा. तिथल्या लांब भिंतीवर शिंगं लावलेली आहेत. प्रत्येक जोडी रिमूच्या लाकडी ढालीवर, खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव. नियम साधा आहे. शिंग बारा इंचांचं हवं आणि ते वार्षिक जेवणात अध्यक्षाने सर्वांसमोर टेपने मोजायला हवं. क्लॅरीच्या वयाचा एकही सभासद असा नाही ज्याचं नाव त्या भिंतीवर नाही. क्लॅरीचं तेवढं नव्हतं. तो जेवणाच्या दिवशी बारीक पांढऱ्या माशांची अंड्यातली थालिपीठं करतो, ती त्याच्याइतकी कुणाला जमत नाहीत, आणि ताट घेऊन भिंतीखाली उभा राहून म्हणतो, "मला बाबा मांस मिळालं की पुरे. शिंगं काय, शिजत नाहीत."

पण मी क्लबाचा खजिनदार असल्याने जेवणाच्या आधी खोली झाडायला त्याच्याबरोबर असतो. तो फडक्याने एकेक ढाल पुसत जातो. खिडकी आणि आग विझवायचं लाल नळकांडं यांच्यामध्ये हातभर भिंत रिकामी होती. तीही तो पुसायचा. तिथं पुसण्यासारखं काही नसायचं.

त्याला नर दिसले नाहीत असं नाही. भरपूर दिसले. पण क्लॅरी आपल्या शास्त्राचा पक्का. चढताना एक कपडा काढायचा, थांबलं की दोन घालायचे, वारा फिरला की तिसरा. या सगळ्यात वेळ जातो. एकदा लँड्सबरो नदीच्या वरच्या अंगाला नर साठ पावलांवर येऊन उभा राहिला, तेव्हा क्लॅरीचं डोकं जर्सीत होतं. बाहेर आलं तेव्हा समोर नुसता डोंगर. एकदा वरच्या जाकिटाची खसखस ऐकून अख्खा कळप उधळला. एकदा चेन अडकली. चेन अडकली तर माणूस जाकीट तसंच ठेवून बंदूक उचलेल. क्लॅरीने आधी चेन सोडवली.

हे सगळं गावाला माहीत होतं, कारण क्लबाचा अध्यक्ष फर्गस नोलन ते दर वर्षी जेवणात सांगायचा. फर्गसची लाकूड कापायची गिरणी होती, आता ती जावई चालवतो. भिंतीवर त्याच्या अकरा ढाली आहेत. अंगात जुनाट लोकरी बुशशर्ट, त्याच्या आत प्रांताच्या रग्बी संघाची सुती जर्सी, शकुनाची म्हणून, खाली बारमाही अर्धी चड्डी. क्लॅरीच्या दुकानातून त्याने आयुष्यात फक्त बुटांच्या नाड्या घेतल्या.

"क्लॅरी, तुझे ते चार थर ना," तो म्हणायचा, "मला एकच पुरतो. त्याचं नाव फर्गस."

एका वर्षी सोडत लागली. वरच्या राखीव रानात हेलिकॉप्टरने उतरायला वर्षातून थोडेच आठवडे परवानगी असते, आणि त्यासाठी नावं टाकावी लागतात. क्लॅरीने आपलं नाव टाकलं, फर्गसचं टाकलं, दुधाचा टँकर चालवणाऱ्या टामाचं टाकलं, आणि चौघं भरावेत म्हणून माझंही. मी बंदूक उचलत नाही. दूध कंपनीत हिशेब पाहतो. मला इथं सगळे व्हॅस म्हणतात, कारण वसंत एवढा लांब शब्द या पावसात कुणी पुरा करत नाही. मी स्टोव्ह पेटवतो आणि दुर्बीण धरतो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा मिळाला, म्हणजे इथल्या हिवाळ्याची सुरुवात. ऑगस्टमध्ये क्लॅरीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली. डॉक्टरने सांगितलं होतं की त्यानंतर सपाटीवर खुशाल फिरा. होकिटिकात सपाटी म्हणजे समुद्रकिनारा, आणि तिथं थार येत नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर कपडे मांडलेले होते, आतल्या थरापासून बाहेरच्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे. त्याची बायको न्यायरी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होती.

"बस, व्हॅस. त्या मोज्यांवर नको, ते नवे आहेत. आम्ही दोन दिवस ओट्याशी उभं राहून जेवतोय."

"वजन करायचं होतं," क्लॅरी म्हणाला.

"केलं ना? मग आता यांना कपाटात झोपव. लग्नात मला एवढं निरखून पाहिलं नव्हतंस."

क्लॅरी काटा ठेवायला आत गेला. न्यायरी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ. गुडघ्याची मला काळजी नाही, गुडघा नवा मिळतो. पण या खेपेला तो रिकामा आला ना, तर दर वर्षी ती भिंत पुसताना त्याचं तोंड मला बघवायचं नाही. तू त्याच्याजवळ राहा. नर दिसला की याच्या जाकिटाची चेन धर. घट्ट धर. काही घालू देऊ नकोस, काही काढू देऊ नकोस."

"मारलं त्याने हातावर तर?"

"मार खा. पण चेन सोडू नकोस."

मी कबूल केलं. पंचवीस वर्षं हिशेब सांभाळल्यावर एक चेन सांभाळणं अवघड वाटलं नाही.

हेलिकॉप्टर हरीहरी गावाहून उडतं. पायलट सामान काट्यावर ठेवतो, माणसंही ठेवतो, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की काहीतरी खाली राहतं. बेरीज वर गेली. पायलटने क्लॅरीच्या पिशवीकडे पाहिलं.

"दुकान बंद करून आलास की उचलून आणलंस?"

"ग्रॅमचा हिशेब आहे," क्लॅरी म्हणाला. पिशवी खरंच फारशी जड नव्हती. कपडे हलके असावेत यावरच त्याचं आयुष्य गेलं होतं. जड होतं ते फर्गसचं बिअरचं खोकं.

"हे उतरव," क्लॅरी म्हणाला.

फर्गसला ते विचारात घेण्याजोगंही वाटलं नाही. त्याने आपली पिशवी उघडली, रेनकोट काढला, लोकरीची लांब विजार आणि जाड स्वेटर काढला, आणि तिन्ही हेलिकॉप्टरच्या शेडमधल्या खिळ्याला लटकवले. काटा बरोबर आकड्यावर आला.

"फर्गस, रेनकोट?"

"असं बघ," फर्गस म्हणाला. "पाऊस आला तर आपण तंबूत बसणार. बरोबर?"

"बरोबर."

"तंबूत बसलो तर काय लागेल? रेनकोट की बिअर?"

टामा हसला. पायलट हसला. मीही हसलो. आमच्या किनाऱ्यावर या मुद्द्याला उत्तर नाही.

आणि सुरुवातीला फर्गस बरोबरच ठरला. तीन दिवस पाऊस पडला, आम्ही तंबूत बसलो, आणि कुणालाही रेनकोटाची आठवण झाली नाही. फर्गस टेकून बसायचा आणि दर बाटलीला क्लॅरीची माफी मागायचा, की तुझ्या विजारीतून काही प्यायला मिळालं असतं तर हीही उघडली नसती. क्लॅरी आपली पिशवी उघडून कपडे पुन्हा घड्या करून ठेवायचा. पाऊस थांबला तेव्हा खोकं रिकामं होतं आणि डोंगर गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

चौथ्या सकाळी आभाळ लख्ख. टामा एकटा पलीकडच्या घळीत गेला. आम्ही तिघं समोरच्या सोंडेवर चढायला लागलो. क्लॅरी त्या हिमात फक्त पातळ मेरिनोच्या बनियनवर, दात वाजवत, नियमाप्रमाणे. फर्गस सगळं अंगावर घालून, म्हणजे जर्सी, बुशशर्ट आणि अर्धी चड्डी.

"थंडी वाजतेय का रे?" फर्गसने विचारलं.

"वाजतेय."

"अरेरे. आणि मी बघ किती मजेत."

अर्ध्या तासात उलटं झालं. क्लॅरीचे दात थांबले, चाल लागली. फर्गसच्या खांद्यांतून किटलीसारखी वाफ निघायला लागली. त्याने बुशशर्टाची बटणं उघडली, टोपी काढली, पण थांबला नाही. थांबला असता तर कपडा काढावा लागला असता, आणि क्लॅरीच्या देखत कपडा काढणं त्याला शक्य नव्हतं. दुपारी आम्ही एका खडकाच्या कट्ट्यावर पोचलो, तेव्हा त्याची रग्बीची जर्सी पिळता आली असती.

खाली गवताच्या पट्ट्यात माद्यांचा कळप होता. विणीचा नाही, माजाचा मोसम. मादी आहे तिथं आज ना उद्या नर येणार. बसायचं ठरलं. क्लॅरीने आपला विधी सुरू केला. मधला थर, पिसांचं जाकीट, वारा अडवणारं जाकीट, लांब विजार, हातमोजे, कानटोपी. मी घड्याळाकडे पाहत होतो. समोर नर नव्हता, त्यामुळे मी चेन धरली नाही. ती त्याने हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि पालथा पडला. या घटकेला, मी मनात म्हटलं, करण्यासारखं काही राहिलं नाही. आता याच्याकडे घालायला काही नाही आणि काढायचं कारण नाही. आता नर यावा.

दक्षिणेकडून ढग आला तो आधी नुसती पांढरी रेघ होता. मग वारा, मग वाऱ्याबरोबर बर्फाचं पाणी, आडवं. क्लॅरी आणि मी आपापल्या थरांत ऐकत पडलो. मला त्यानेच सजवलं होतं, दोन दुपारी घालवून. फर्गस आमच्या पलीकडे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी विचारलं, "ठीक आहेस ना?" तो म्हणाला, "उत्तम." मग पुन्हा विचारलं तेव्हा नुसती मान हलवली.

आणि नर आला. वरच्या कड्यावरून, सावकाश, जागेचा मालक असल्यासारखा. आयाळीत बर्फ भरलेलं. वाऱ्याची दिशा आमच्या बाजूची. तो कळपाच्या वर एका पालथ्या खडकावर उभा राहिला. क्लॅरीने बंदुकीचा दट्ट्या ओढला. त्याचे हात गरम होते, हलत नव्हते. मी सवयीने त्याची चेन धरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी का धरली ते त्याला लगेच कळलं असावं, कारण ओठाच्या कोपऱ्यात हसला.

"अंतर किती असेल, फर्गस?" तो कुजबुजला. नजर बंदुकीवरच्या दुर्बिणीत होती. अंतराचा अंदाज फर्गसइतका कुणाचा पक्का नाही.

फर्गस म्हणाला, "मॅगी, गायी आत घे."

मॅगी ही फर्गसची बहीण. ती ऑस्ट्रेलियात असते आणि तिच्याकडे गायी नाहीत.

क्लॅरीने डोळा दुर्बिणीवरून काढला. आता माझ्याही लक्षात आलं की गेला बराच वेळ फर्गसने कुणाला टोमणा मारला नव्हता. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि मी ते शांतता म्हणून मोजलं होतं.

"फर्गस, इकडं बघ. अंगठा करंगळीला लाव."

फर्गसने हात पुढे केला. बोटं नुसती हलली.

क्लॅरीने पुन्हा एकदा नराकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी, फार वेळ नाही. मग बंदुकीतून गोळी बाहेर काढली, खिशात घातली, बंदूक खडकाला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "व्हॅस, चेन सोड."

मी सोडली.

"माझ्या पिशवीतून ती माणूस मावेल अशी नारिंगी झोळी काढ. वाऱ्याच्या बाजूला उभा राहून धर. आणि थर्मास."

पुढची काही मिनिटं दुकानातली होती. फर्गसच्या अंगावरचं ओलं सगळं उतरवायचं आणि कोरडं चढवायचं, आतून बाहेर, क्रमाने. क्लॅरी स्वतः त्या वाऱ्यात उघडा होत गेला. राखून ठेवलेली लांब बाह्यांची जादा मेरिनोची बनियन त्याच्या पिशवीत कोरडी होती, ती आधी. मग त्याच्या अंगावरचं मधलं, मग पिसांचं, मग लांब विजार. आणि सगळा वेळ तो बोलत होता, अगदी दुकानातल्या आवाजात, कारण फर्गसला झोपू द्यायचं नव्हतं.

"घाम किती येतो, मिस्टर नोलन?"

"गप रे."

"चढताना की बसल्यावर?"

"जर्सी नको काढू. शकुनाची आहे."

"शकुन झाला. हात वर."

जर्सी निघाली. ती खडकावर पडली तेव्हा ओल्या माशासारखा आवाज झाला. नराने मान वळवली, आमच्याकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही. त्याने माणसं गोळ्या घालताना पाहिली असतील. माणसं एकमेकांना बनियन घालताना त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं.

थर्मासमधला गोड चहा थोडा थोडा पोटात गेला, नारिंगी झोळीत पाय गेले, आणि फर्गस थरथरायला लागला. क्लॅरी म्हणाला, ही चांगली थरथर. मग फर्गसचे डोळे जागेवर आले. ते क्लॅरीच्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि तिथंच थांबले.

"क्लॅरी."

"बोल."

"मागं नर उभाय."

"माहीतेय. डावा हात आत घाल."

"अरे गाढवा, मार ना त्याला. बारा इंची आहे."

"तेरा आहे. डावा हात."

"मग व्हॅसला सांग मारायला."

"व्हॅसला टोपी धरू दे. डावा हात, फर्गस. तो उजवा."

शेवटी क्लॅरीने आपले हातमोजे त्याला घातले, पिसांच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि उठून वळला. नर अजून होता. क्लॅरीने बंदुकीला हात लावला, पण आता त्याच्या अंगावर पातळ बनियन आणि वरचं जाकीट एवढंच उरलं होतं आणि बोटांना घोडा कुठं आणि खडक कुठं ते समजत नव्हतं. खिशातली गोळी त्याला चिमटीत धरता येईना. नराने आणखी थोडं थांबून पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि ढगात शिरला. एकच कोट घालून जन्मलेला प्राणी, त्याला घाई असण्याचं कारण नव्हतं.

"चला," क्लॅरी म्हणाला. "चालत राहिलो तर मला ऊब येईल."

उतरताना मी मागून पाहत होतो. पुढे फर्गस, नखशिखान्त क्लॅरीच्या दुकानातला, सूचीपत्रावर छापावा असा. मागे क्लॅरी, दुखरा गुडघा ओढत, त्याच्या हातात पिळलेली रग्बी जर्सी. तळावर टामाने रशाचं पातेलं ठेवलं होतं. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही बदललात का रे एकमेकांशी?" क्लॅरी थेट झोपण्याच्या पिशवीत शिरला आणि रस्सा त्याला तिथं द्यावा लागला.

उरलेले दिवस ढगात गेले. हेलिकॉप्टर आलं, आम्ही रिकामे निघालो. शेडमधल्या खिळ्यावर फर्गसचा रेनकोट ठणठणीत कोरडा लटकत होता. फर्गसने तो काढून काखेत मारला.

"माझे कपडे?" क्लॅरीने विचारलं.

"धुऊन देतो."

"नको धुऊस. आहेत तसे दे."

"क्लॅरी, उसने कपडे माणूस धुऊन परत करतो. मला आईनं वळण लावलंय."

न्यायरीला मी चेनेचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोड म्हणाला तर सोडायचीच होती रे," आणि भांडी जोरात घासायला घेतली. क्लॅरी दुकानात पूर्वीसारखा उभा राहायला लागला. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, हवा वाईट होती. फर्गस काहीच म्हणत नव्हता. ज्या माणसाने क्लॅरीच्या अडकलेल्या चेनेची गोष्ट वीस वर्षं सांगितली, त्याच्याकडे या खेपेला सांगायला काही नव्हतं, हे लोकांना चमत्कारिक वाटलं.

मग एका दुपारी मी दुकानात असताना फर्गस आला. त्याने आधी दोन्ही गल्ल्यांमध्ये कुणी नाही ना ते पाहिलं.

"बनियन दाखव," तो म्हणाला.

क्लॅरीने घडी उघडली नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "घाम किती येतो?"

फर्गसने टोपी काढून हातात घेतली. मग दाराकडे पाहत म्हणाला, "बराच."

"माझी बनियन कुठाय?"

"येईल. जरा धुण्यात गडबड झाली."

"किती अंशांवर धुतलीस?"

"ही केवढ्याला?" फर्गसने विचारलं, आणि विषय संपला. जाताना त्याने पिशवी बुशशर्टाच्या आत घातली.

वार्षिक जेवण जुलैत असतं. क्लॅरीने सकाळी भिंत पुसली. त्या रिकाम्या जागेपाशी आल्यावर फडकं झटकलं आणि पुढे गेला, ती पुसली नाही. मी खुर्च्या मोजत असल्याचं दाखवलं.

जेवण झालं, शिंगं मोजली गेली. दोघा नव्या मुलांच्या ढाली लागल्या. मग फर्गस बसायला हवा होता, तो बसला नाही. टामाने टेबलाखालून चादरीत गुंडाळलेलं काही वर काढलं.

"अजून एक मोजायचंय," फर्गस म्हणाला.

चादरीत रिमूची ढाल होती, टामाने घासून तेल पाजलेली. ढालीवर, बाह्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या पसरून, छोट्या खिळ्यांनी ठोकलेली क्लॅरीची मेरिनोची बनियन. उकळत्या पाण्यात धुऊन वर गरम यंत्रात वाळवल्याने ती बालवाडीतल्या एखाद्या पोराला बसली असती.

फर्गसने टेप काढला. चेहरा गंभीर. "डावं, साडेतेरा. उजवं, सव्वातेरा. व्हॅस, नोंद घे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पण नियमात आहे की प्राणी सभासदाने स्वतः आणलेला पाहिजे."

"त्यानंच आणला," फर्गस म्हणाला. "कड्यावरून खाली, पावसातून, स्वतःचे कपडे त्याला घालून आणला. तो प्राणी मी. मेलेलाच हवा असं नियमात कुठं लिहिलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियमांची प्रत खजिनदाराकडे असते. मी ती उघडून पाहिली. तसं खरोखरच कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग फर्गसने पहिल्यांदा सगळी गोष्ट सांगितली. मॅगीच्या गायींसकट, सुटलेल्या तेरा इंची नरासकट. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात न्यायरीही होती, पण तिचं पाणी जरा आधीच सुरू झालेलं मी पाहिलं. ढाल खिडकी आणि लाल नळकांडं यांच्यामध्ये लागली. जागा आधी मापून ठेवल्यासारखी नेमकी पुरली.

क्लॅरी ताट हातात घेऊन भिंतीखाली उभा होता. पितळी पट्टीवरचं आपलं नाव त्याने वाचलं. मग ताट माझ्याकडे दिलं, पुढे होऊन बनियनचा गळा दोन बोटांनी उलटा केला आणि आतली चिठ्ठी दिव्याकडे धरली.

"तीस अंश," तो फर्गसला म्हणाला. "स्पष्ट लिहिलंय."

"लेबल वाचत बसू नकोस," न्यायरी म्हणाली. "घरी चल."

गुडघा बसवून झाला. क्लॅरी किनाऱ्यावर फिरतो, दुकानात अर्धा दिवस उभा राहतो आणि जेवणाच्या आधी भिंत पुसायला येतो. शिंगांना नुसतं फडकं पुरतं. लोकरीला मात्र कसर लागते, त्यामुळे त्या एका ढालीच्या मागे दर वर्षी नवी डांबरगोळी ठेवावी लागते. तिचा खर्च मी क्लबाच्या खात्यात, शिंगांची निगा या सदरात टाकतो.